फेझचं ताट

अफिफा मोरोक्कोतल्या फेझ शहरात पितळेवरची जुनी नक्षी शिकायला गेली होती. तिथल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या ठोक्यांचा आवाज थांबला नाही, असं ती फोनवर सांगायची. तापाने ती तिथेच गेली, तिथेच दफन झाली. राजापेठेतल्या घरी तिचं अर्धवट कोरलेलं ताट तेवढं आलं.

तिची आई नसीमबानो ते रोज पुसायची. एका सकाळी तिच्या बोटात कोरताना निघतो तसा पितळेचा ताजा कीस रुतला. ताटावरच्या वेलीला एक पान जास्त होतं. दुसऱ्या सकाळी आणखी एक.

“हे बरं नाई,” अफिफाचे वडील जैनुद्दीन म्हणाले आणि त्यांनी ताटावर चादर टाकली.

नसीमबानोने ती हळूच काढली.

“झाकू नका. अंधारात तिले दिसत नाई.”