पाच लाल ठिपके

रोवण्याच्या चिखलाचे पाय धुऊन कुसुमबाई घरात आली, तर कॉलेजात शिकणारी तिची मुलगी चंचल मायचा मोबाईल पुढ्यात घेऊन रडकुंडीला आलेली.

“काऊन वं?”

“तुझा कॅमेराच खोटा बोलून राहिला, माय. फोटोतल्या ठिपक्यांच्या मधातल्या अंतरावरून उजेडाच्या लहरीची लांबी काढाची आहे. उजेड लाल, अन् उत्तर येते हिरव्याचं. उद्या सर हासतील.”

फोटोत भिंतीवर लाल उजेडाचे पाच ठिपके होते, एका रांगेत, सारख्या अंतरावर. वीस वर्षं दोरी धरून धान रोवणाऱ्या कुसुमबाईला ती रांग ओळखीची वाटली.

“दोघांच्या मधातलं अंतर कसं काढलं?”

“पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मोजलं, अन् पाचानं भागलं.”

“पाच ओळींच्या मधात जागा चारच रायतात, पोरी.”

चंचलने चाराने भागलं. उत्तर लालचंच आलं. मग तिने प्रयोगाच्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि ‘मार्गदर्शक’ या शब्दापुढच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“इथं सही कर.”

आजवर कुसुमबाईची सही फक्त मजुरांच्या हजेरीवर झाली होती. तिने पदराला हात पुसले आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

“आता सर हासले,” ती म्हणाली, “तर त्यायले माह्या धानाच्या बांधीत पाठवजो.”