दुबळं कोकरू

सात वाजता परमेश्वरनं शहागडच्या ढाब्यासमोर ट्रक लावला, डाळ-भाकर सांगितली आणि हसनाबादला घरी फोन केला. अंग मोडून आलं होतं. कावीळ उतरून महिना झाला तरी शीण हटत नव्हता, जेवणाकडं बघवत नव्हतं. आजच्या दिवस गोष्टीला सुट्टी द्यावी, असं त्याला फार वाटत होतं.

पण सुट्टी देणार कशी? दोन वर्षांमागं लेकीचं, मोनिकाचं, वजन काही केल्या वाढेना. अंगणवाडीच्या ताई घाबरल्या होत्या. तेव्हापासून पोरगी त्याच्या गोष्टीवरच जेवायची. तो ट्रकवर असला तर फोनवरून. नेम चुकला तर ती पुन्हा हडकत जाईल, ही धास्ती त्याच्या मनातून जात नव्हती.

युक्ती त्याच्या आज्याची, मेंढरं राखणाऱ्या धुळाजीची. दुबळं कोकरू म्हातारा एकटं चारायचा नाही. शेजारी खादाड कोकरू बांधायचा. त्याचं तोंड चाललं की दुबळंही पाल्याला तोंड लावायचं. म्हणून परमेश्वरनं ठरवून दिलेलं, एक घास लेकीचा, एक बापाचा, मधे गोष्ट.

"बाबा, ताट आलं का तुझं?"

"आलं. तू बसली का जेवायला?"

"बसले. मंग लांडगा कुठं गेल्ता?"

"नदीकाठी दडून बसल्ता. खा आता."

"खाल्ला. आता तू. चावल्याचा आवाज आला पाहिजे बराबर."

त्यानं भाकरी डाळीत बुडवून कशीबशी चावली. लांडगा पुढं सरकला. कोकरू काटेरी कुंपणात शिरलं. घासामागून घास गेला. मधेच त्यानं ताट सरकवलं.

"बास आता, मोना. लई थकलो."

"मंग मीबी न्हाई खात."

त्यानं निमूट ताट पुढं ओढलं. भाकरी संपली तेव्हा कोकरू कळपात पोचलं. चला, पोरगी जेवली. त्याला हायसं वाटलं.

फोन बंद करायला त्यानं हात नेला. पलीकडं तो चालूच राहिला होता. बायकोचा, सत्यशीलाचा, आवाज आला.

"आज किती?"

"अकरा घास. काल आठच खाल्ल्ते बाबानं. अन् आई, मी सहालाच जेवले हे आजबी न्हाई सांगितलं त्याला."