मापातलं पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात खर्ड्याला पाऊस मोजायची नोकरी म्हणजे थट्टाच होती. पगार तुटपुंजा, आणि रंभाजी रोज सकाळी चावडीमागचं पर्जन्यमापक उघडून वहीत नुसतं शून्य लिहायचा. शेवटी कंटाळून त्यानं राजीनामा खरडला, खिशात घातला आणि अखेरचं माप घ्यायला गेला. बघतो तर आत चार बोटं पाणी! आभाळ कोरडंठाक. त्यानं वळून पाहिलं. बायको मनकर्णा रिकामा तांब्या पदराआड लपवत उभी. "रोज शून्य लिवून तुमचं त्वांड उतरतंय," ती म्हणाली. "जाताजाता येक तरी आकडा लिवा." "येडे, पाऊस लिवला तर गावाचं खडी फोडायचं दुष्काळी काम सरकार बंद करंल!" रंभाजीनं वहीत ठसठशीत शून्य काढलं. मापातलं पाणी पुन्हा तांब्यात ओतून अर्धं तिला पाजलं, अर्धं स्वतः प्याला. "आन् खिशातला राजीनामा?" तिनं विचारलं. "उद्याचं शून्य मंग कोन लिवनार?"