पाठीवरचा हात

तान्ह्या लेकीला अंघोळ घालताना कुंभाराच्या बोटांना तिच्या पाठीवर टणक गाठी लागल्या. एका बाजूला ओळीने चार, दुसऱ्या बाजूला एक. त्याने सहज आपली बोटं त्यांवर टेकवली आणि तो चपापला. कुणीतरी पोरीला चांगलंच आवळून धरलं होतं! पण मातीवर बोट दाबलं की खळगा पडतो. इथे उंचवटे कसे?

बायको म्हणाली, "कोडी नंतर सोडवा, आधी दवाखाना गाठा."

डॉक्टरीणबाईंनी गाठी चाचपल्या. "जन्मताना दाब बसला की कधीकधी कातडीखालची चरबी अशी घट्ट होते. घाबरू नका, हळूहळू विरघळेल. रक्त तेवढं अधूनमधून तपासत राहू."

"पण एवढं दाबलं कुणी?" कुंभाराचा आवाज चढला.

मागे उभी असलेली नर्स पुढे आली. तिने पोरीच्या पाठीवर अलगद हात ठेवला. पाचही बोटं गाठींवर बरोबर बसली.

"खांदा अडकला होता हो, दादा. पोर निळी पडत चालली होती. हाताला लागली, ती मग मी सोडलीच नाही."

पोरीला दुपट्यात गुंडाळून कुंभार निघाला, आणि दारातूनच परत फिरला.

"ताई, या गाठी विरघळायच्या आत एकदा आमच्याकडे या. ओल्या मातीवर तुमचा हात उमटवून हवाय मला."