सिंकखालचं पातेलं

सुताराने सिंकखालच्या कपाटाच्या तळाची फळी ओढली, तर भिजल्या बिस्किटासारखा तुकडा हातात आला. मागे कोपऱ्यात आईचं दुधाचं पातेलं काठोकाठ भरून वाहत होतं. “कुणीतरी हे रोज रिकामं करायचं, म्हणून कपाट इतके दिवस टिकलं. महिनाभर मात्र कुणी हात लावलेला नाही,” सुतार म्हणाला. महिन्यापूर्वीच आई दादाकडे राहायला गेली होती. सिंकसमोरची फरशी रोज ओली दिसायची, म्हणून मी तिला पाहुण्यांदेखत म्हणालो होतो, “तुझ्या हातून आता काहीच धड होत नाही.” “हा पाइप कोणत्या अडाण्याने जोडलाय?” सुताराने विचारलं. प्लंबर कशाला, मी आहे ना, असं बायकोला म्हणत मीच जोडला होता. आईने शेजारीपाजारी कौतुकाने सांगितलंही होतं. मी तिला फोन लावला. “आई, सिंकखाली...” ती कुजबुजली, “सूनबाईला कळलं नाही ना? तिला सांग, पाणी आईच्याच हातून सांडायचं.”