गाडी मालकावर गेली

बॉनेटमधून भसाभसा वाफ निघत होती, तरी गाडी आपली म्हणतेय, "मला काही झालेलं नाही."

यमुनाबाई घाटातच उतरल्या, खाली वाकल्या. रेडिएटरच्या पाइपातून हिरवं कूलंट ठिबकत होतं.

"खोटारडे! कधीपासून गळतंय?"

"झाला असेल महिना. दुखणं सांगायचं नसतं. मालकांबरोबर राहून शिकले."

आत बसलेल्या दशरथरावांनी छातीवरचा हात पटकन खाली घेतला. बायकोने तो बघितलाच.

"अहो, तुम्हीपण महिनाभर?"

"अपचन आहे गं. इंजिन निवू दे, पाणी ओतू, लग्नाला पोचू."

बाई रस्त्याच्या मधोमध गेल्या. शहराकडे उतरणारा टेम्पो त्यांनी दोन्ही हात पसरून अडवला. "दादा, दवाखान्यात घ्या!"

"अगं, आणि गाडी?"

"तिला उद्या नवा पाइप बसेल. तुम्ही उतरा आधी."