एक शब्द

आमचे पर्सोनेल मॅनेजर निमकरसाहेब युनियनच्या खोलीत पहिल्यांदाच आले, तेव्हा मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. कॅन्टीनचा फुकट चहा त्यांनीच गेल्या करारात बंद केला होता. कोणाला कामावरून काढणार नाही एवढी हमी मिळावी म्हणून आम्ही पगारवाढ सोडली, बस सोडली, बोनसही सोडला. सही करताना साहेब हसले होते. "बोडके, आता तुमच्याकडे सोडायला उरलं काय?"

यंदा नव्या मालकाने कंपनी घेतली आणि केबिनमधल्यांना घरी बसवायला सुरुवात केली.

"त्या हमीत मलाही धरा," साहेब म्हणाले. "मीही इथं नोकरच आहे. माझ्यासाठी युनियनने एक शब्द टाकावा."

"टाकला होता की साहेब. आम्ही 'कर्मचारी' लिहिलं होतं, त्यात तुम्हीही येत होता. तुम्ही ते खोडून 'कामगार' करायला लावलंत. मला या लोकांच्या पंगतीला बसवू नका, म्हणालात."

साहेब दाराशीच उभे होते. समोर खुर्ची रिकामी होती. मी त्यांना बसा म्हटलं नाही. उकळलेला चहा गाळला, एकाच कपात.